वाढलेलं मडकं

पुण्याची माणसं जुन्नरला जातात ती शिवनेरी पाहायला, लेण्याद्रीच्या गणपतीला, नाहीतर पोरीसाठी स्थळ बघायला. मी एक फुटलेलं मडकं रंगवायला गेलो होतो. टांगेवाल्यापासून तेल्यापर्यंत ज्याने ज्याने विचारलं त्याला मी हे खरं खरं सांगितलं, आणि प्रत्येकाने मला काही न बोलता उमाकडे दयेने पाहिलं. उमा म्हणजे माझी पत्नी. मी तिला नावाने हाक मारतो यावर आमच्या आळीत पुरेशी चर्चा होऊन गेली आहे, तेव्हा इथे पुन्हा नको.

मडक्याचं कारण असं. आमच्या आळीत एक शास्त्रीबुवा राहतात. लहानपणी मी त्यांच्याकडे संस्कृत शिकायला जायचो आणि पाटीवर 'राम'ची रूपं लिहायची सोडून त्यांचं नाक काढायचो. एकदा पकडला गेलो. बुवांनी पाटी उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "नाक अजून थोडं लांब आहे." मी पुढे मुंबईच्या आर्टस्कुलात गेलो तो त्या एका वाक्याच्या जोरावर.

तर या बुवांनी जन्मभर डोक्यात घोळवलेलं पुस्तक नवीन शतक लागल्यावर एकदाचं लिहून काढलं. नाव 'नास्तिप्रकाश'. चांगलं जाडजूड आहे आणि विषय एकच, 'नाही'. बुवांचं म्हणणं असं की 'आहे'बद्दल सगळेच बोलतात, बिचाऱ्या 'नाही'ची दखल कोणी घेत नाही. जुन्या पंडितांनी 'नाही'चे चार प्रकार सांगितले आहेत आणि ते समजावताना मडक्याला पार वेठीला धरलं आहे. मडकं घडण्याआधी ते नसतं, हा एक प्रकार. मडकं म्हणजे कापड नव्हे, हा दुसरा. वाऱ्याला रंग कधीच नसतो, तसलं कायमचं नसणं, हा तिसरा. आणि मडकं फुटून गेल्यावर जे नसणं मागे राहतं, तो चौथा. पुस्तक वाचून मला असा काही चेव आला की या चार 'नाहीं'ची चार तैलचित्रं करून देतो, असं मी बुवांना कबूल करून बसलो.

"नसलेल्या मडक्याचं चित्र?" उमा म्हणाली. "मग कॅनव्हास कोराच ठेवा की. विलायती रंग तरी वाचतील."

तिच्या नाकावर टिच्चून मी तीन केली. पहिल्यात कुंभाराच्या चाकावर मातीचा ओला गोळा. दुसऱ्यात मडकं आणि शेजारी उमाचं जांभळं लुगडं. त्या लुगड्यावर एक हिरवा डाग पडला, त्याबद्दल मी अजून ऐकून घेतो. तिसऱ्यात पर्वतीवरचं वाकलेलं गवत आणि वारा. बुवांच्या खोलीत तिन्ही भिंतीला टेकून उभी राहिली. चौथं मात्र काही केल्या जमेना. परसात मडकी फोडून पाहिली, पण चित्रात नुसता पसारा दिसायचा.

तेव्हा बुवांनी सांगितलं की चौथ्या प्रकरणातलं मडकं पंडितांचं नव्हे, त्यांच्या आईचं आहे. त्यांचं गाव पिंपरी पेंढार. तिथल्या विहिरीवर ते पोरवयात असताना ते मडकं फुटलं, आणि मडकं होतं त्या जागेकडे ते दिवेलागणीपर्यंत बघत बसले. "माझं जे काही शास्त्र आहे ते तिथे सुरू झालं," ते म्हणाले. "तू तिथे जा. ती जागा मला एकदा बघायची आहे."

त्यांना स्वतःला जाता येत नव्हतं. डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरली आहे तेवढ्यात बघायचं ते बघून घ्या. बुवांना आता बांबूच्या नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं, आणि ती नळी बारीक होत चालली होती. ती बंद व्हायच्या आत मला चौथं चित्र त्यांच्यापुढे ठेवायचं होतं. निघताना ते म्हणाले, "गावात महादू आहे. माझा सवंगडी. त्याच्याकडेच उतर."

घोडेगाव

मंचरपर्यंत टपालाच्या टांग्याने गेलो. तिथून सरळ नारायणगावला जायचं ते सोडून मी बैलगाडी आंबेगावच्या बाजूला वळवली, कारण घोड नदीकाठचा तो मुलूख मला पाहायचा होता. पाऊस नुकताच उघडला होता. खाचरांत भात पिवळं पडत होतं, पलीकडे सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक निळ्या होत गेल्या होत्या, आणि मी त्या निळ्यात कोणकोणते रंग पडतील याचा हिशेब करत असताना उमा म्हणाली, "भूक लागली." तिचं निसर्गप्रेम नेहमी वेळेवर येतं.

घोडेगावच्या धर्मशाळेत नाना नावाचे एक म्हातारे आचारी होते. आम्ही नदीवर हातपाय धुऊन आलो तोवर त्यांनी कांद्याची भजी तळून ठेवली होती. अशी भजी मी पुण्यात खाल्ली नाहीत. खुसखुशीत, सोनेरी, आणि वर एक वेगळाच खमंग वास. मी तोंड भरून स्तुती केली.

"त्याचं काय हाय पावणं," नाना म्हणाले, "तुमचं त्याल लई ग्वाड."

"माझं तेल?"

"त्या पेटीतलं. आमच्याकडलं सरलं व्हतं. दुसरी बाटली उघडली, पर तिला दवाखान्याचा वास यीत व्हता, म्हून ती न्हाई घेतली."

दुसऱ्या बाटलीत टर्पेंटाइन होतं, त्या वासामुळे आम्ही वाचलो. पहिल्या बाटलीत अळशीचं तेल होतं. मी स्वतः घाण्यावर उभं राहून काढून घेतलेलं, गाळून, उन्हात ठेवून स्वच्छ केलेलं, रंगात मिसळायचं तेल. ते सगळं कढईत गेलं होतं. मी कपाळाला हात लावला. उमाने उरलेली भजी संपवली आणि म्हणाली, "तुमच्या तेलाचं इतकं चांगलं आजवर कधी काही झालं नव्हतं."

जुन्नर

जुन्नरला मी आधी किल्ल्याकडे हात जोडले आणि मग तेलाच्या शोधात निघालो. अळशीचं तेल मिळेना. इकडे सगळीकडे करडई. करडईचं तेल रंगाला चालतं, रंग पिवळाही पडत नाही, पण वाळायला मात्र ते फार कुरकुर करतं. करतो काय? घेतलं.

त्या तेल्याच्या शेजारीच कागदी लोकांची वस्ती. बुवांनी आपलं सगळं पुस्तक जुन्नरी कागदावर लिहिलं आहे, म्हणून ती कागदाची कामं बघायची मला हौस होती. उस्मानभाई म्हणून एक कागदी भेटले. आता गिरणीचा कागद आल्यापासून फार थोडी घरं हे काम करतात, असं त्यांनी सांगितलं, पण रडगाणं गायलं नाहीत. जुनी पोती, जुने दोर कुटून केलेला लगदा हौदात ढवळायचा, त्यातून चाळणीसारख्या चौकटीवर कागद उचलायचा, आणि गुळगुळीत भिंतीवर तो ओलाच चिकटवून द्यायचा. सगळी भिंत कागदांनी भरलेली होती. मी ती बघत होतो आणि उस्मानभाई माझ्या रंगांच्या कथलाच्या नळ्या दाबून दाबून बघत होते.

"हे तेलाचं चित्र वाळतं कवा?" त्यांनी विचारलं.

"या करडईच्या तेलात? महिनाभर धरा."

"म्हैनाभर! आमचा कागद सकाळी भितीला लावला की उन्हं कलायच्या आत निघतो." त्यांनी डोळे मोठे केले. "मंग म्हैनाभर तुमी काय, दारात बसून 'हात नका लावू, हात नका लावू' म्हनत ऱ्हाता?"

मी म्हटलं, अगदी तेच करतो. उस्मानभाईंना इतकं हसू आलं की त्यांनी घरातल्या माणसांना बाहेर बोलावून हे पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं. पण माणूस मोठा कामाचा. ओलं चित्र गाडीतून न्यायचं तर कोपऱ्यांत लाकडी खुंट्या ठोकून वर दुसरी फळी बांधावी, म्हणजे रंगाला काही टेकत नाही, ही युक्ती त्यांनीच सुचवली आणि खुंट्याही तासून दिल्या.

रात्री खाणावळीत मासवडी वाढली. उमाने पान बाजूला सरकवलं. "मासे मी खात नाही." खाणावळवाल्याने समजावलं की ही बेसनाची वडी, आत खोबरं, तीळ, कांदा, मासा औषधालाही नाही. उमाने एक तुकडा रश्श्यात बुडवून खाल्ला, मग सगळ्याच खाल्ल्या. "बुवांना सांगायला हवं," ती म्हणाली. "मासवडीत मासा नाही, हा पाचवा प्रकार."

आळे

आळ्याला थांबलो, कारण आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्या रेड्याने भर सभेत वेद म्हटले, तोच हा. आमच्या पुण्यात समाध्या माणसांच्या असतात आणि त्यांच्याकडेही फारसं कोणी फिरकत नाही. इथे रेड्यापुढे नारळ, फुलं, बेल, सगळा थाट होता, आणि एक शेतकरी आपल्या बैलजोडीला दर्शनाला घेऊन आला होता. बैलांनी माना हलवल्या, शेतकऱ्याने त्यांच्या वतीने नमस्कार केला.

उमाने मनापासून हात जोडले. "काय मागितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, तुला वेद कळले, आमच्या ह्यांना मडकं कळू दे."

मी हसलो, पण आतून मला धाकधूक होती. प्रवासात आठवडा उलटून गेला होता. पुण्यात बुवांची नळी किती उरली असेल, हे विचारायची सोय नव्हती. समजा जागा सापडली आणि चित्रात पुन्हा नुसता पसाराच उतरला, तर दुसऱ्यांदा यायला वेळ मिळणार नव्हता. मी गाडीवानाला म्हटलं, चल, आज दुपारचं ऊन मला पिंपरीच्या विहिरीवर हवं आहे.

पिंपरी पेंढार

गावाच्या तोंडाशीच कुंभाराचं घर लागलं. उमा ओढ्यावर हातपाय धुवायला गेली आणि मी एकटाच मडकं घ्यायला उतरलो. ही माझी मोठी चूक. गंगूबाई नावाची उंच, धिप्पाड कुंभारीण मडकी उन्हात मांडत होती. तिने एक उचलून माझ्यापुढे टिचकी मारून वाजवलं.

"खणखणीत हाय बघा, पावणं."

"वाजवायची गरज नाही," मी म्हणालो. "कसलंही द्या. फोडायचंच आहे."

तिचा हात थांबला. "फोडायचं हाय? कुनासाठी?"

"तुमच्या गावचे शास्त्रीबुवा आहेत ना पुण्याला, त्यांच्यासाठी."

"अगं बाई!" तिने पदर तोंडाला लावला. "कवा?"

"आज दुपारी. ऊन कललं की."

"अन् हितं? कुटं?"

"विहिरीपाशी. त्यांचीच तशी इच्छा आहे."

तिने मडकं दोन्ही हातांनी माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं, हातात दिलं नाही. मोल घ्यायला ठाम नकार दिला आणि डोळे पुसत आत गेली. मला वाटलं, केवढा हा अगत्याचा मुलूख!

मी विहिरीवर जाऊन घोडा मांडला. घोडा म्हणजे कॅनव्हास ठेवायची माझी तिपाई. जागा बुवांनी सांगितली तशीच होती. काळ्या दगडाचा काठ, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या दोर घासून पडलेले खोल चर, आणि वरच्या पायरीचा एक तुटका कोपरा. उमा आली. रिकामं मडकं समोर ठेवलेलं तिला बघवेना, तिने ते पोहऱ्याने काठोकाठ भरलं. मी रंग काढले, आणि वर पाहतो तो सगळं गाव आमच्याकडे येत होतं.

कोणी बोलत नव्हतं. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले होते. पुढे एक सडसडीत म्हातारा चालत होता. त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं आणि मिशी निम्मी होती. उजवीकडे पांढरीशुभ्र झुपकेदार मिशी, डावीकडे काही नाही. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि त्याला रडूच कोसळलं.

"म्या महादू," तो म्हणाला. "शेवटाला काय म्हनला वो? माझं नाव काढलं का?"

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाजवून न घेतलेलं मडकं. फोडायचं मडकं. आमच्याकडेही मडकं फोडतात ते एकाच वेळी, चितेभोवती फिरून झाल्यावर! मी शास्त्रीबुवांचा अंत्यविधी जाहीर केला होता.

"अहो, ते जिवंत आहेत!" मी ओरडलो. "चांगले खणखणीत आहेत. मला फक्त चित्र काढायचं आहे!"

मग मागून न्हावी धापा टाकत आला, हातात वस्तरा. "महादूबाबा, निम्मी ऱ्हायलीया, आसं मदीच उठून येत्यात व्हय?" आणि सगळं गाव हसायला लागलं. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. महादूबाबा रडत होते ते तसेच हसायला लागले, आणि मग चिडले.

"मर्दा, माझी चूल इझवली की रं म्या! घरात सुतक धरलं!"

"चांगलंच झालं की," गंगूबाई म्हणाली. "जित्या मानसाची मेल्याची आवई उठली म्हंजी त्याचं आयुष्य वाढलं."

"अन् मिशी?"

"ती बी वाढंल."

तोवर ठीक होतं. पण मी मडक्याकडे हात केला तसे महादूबाबा आडवे आले. "न्हाई. शास्त्री जिता हाय तवर त्याच्या नावानं ह्या गावात मडकं फुटनार न्हाई."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पुस्तक, चार 'नाही', आईचं मडकं. पुस्तकाचं त्यांना काही वाटलं नाही, पण आईच्या मडक्यापाशी ते थांबले.

"त्यानं सांगितलं त्याच्या हातनं फुटलं म्हून?"

"फुटलं, एवढंच लिहिलं आहे."

"म्या फोडलं. त्या चिंचंवरनं धोंडा मारला, नेम बघाया. मार त्यानं खाल्ला. माझं नाव सांगितलं न्हाई." त्यांनी उरलेल्या मिशीवर हात फिरवला. "पुस्तकात बी सांगितलं न्हाई व्हय!"

मग मी डोळ्यांचं सांगितलं. महादूबाबा खाली बसले. नळी, ती बारीक होत चालली आहे, ती जागा त्यांना एकदा बघायची आहे, हे सगळं त्यांनी जमिनीकडे बघत ऐकलं. गावही ऐकत होतं. पण मडकं फोडावं असं कोणाच्याही तोंडून निघेना, आणि मलाही आता ते मागायचा धीर होईना. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. जुन्नर पाहिलं, मासवडी खाल्ली, आणि रिकाम्या हाताने परत चाललो.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. उघड्या पठारावरचा वारा, त्याला माझा मोठा कॅनव्हास म्हणजे आयतं शीडच. घोडा एका पायावर गर्रकन फिरला आणि आडवा झाला तो थेट मडक्यावर. फट्!

सगळे जागच्या जागी थिजले. पाणी दगडावरून पसरत खाली मातीत गेलं. मी डोळे मिटले. आता हे लोक मला विहिरीत टाकतील अशी माझी खात्री होती.

"वाढलं!" गंगूबाई मोठ्याने ओरडली. "वाढलं बायांनो, वाढलं!"

"वाढलं, वाढलं," बायकांनी घाईघाईने सूर धरला, आणि महादूबाबासुद्धा पुटपुटले, "वाढलं."

आमच्याकडे बांगडी वाढते, दुकान वाढवतात, देवापुढे नारळ वाढवतात. फुटलं, बंद झालं असं अभद्र बोलू नये म्हणून. पण पुण्यात मडकं मात्र बेधडक फुटतं. इथे तेही वाढतं, हे मला नवीन होतं. मी "फुटलं" म्हणायला तोंड उघडलं तर उमाने माझा हात दाबला आणि म्हणाली, "वाढलं म्हणा." मी म्हटलं.

तो शब्द सगळ्यांनी म्हटल्यावर अशुभ टळलं असावं, कारण लगेच सगळे मोकळे झाले. मी घोडा उभा केला, रंगाची पाटी घेतली, ब्रश बुडवला आणि खापऱ्यांकडे वळलो, तर खापऱ्या नव्हत्या! मडक्याचं बूड एका बाईने कोंबड्यांना पाणी ठेवायला उचललं होतं. एक मोठी खापरी दुसरीने विस्तव न्यायला घेतली. पोरींनी ठिकरीच्या डावासाठी बरे बरे तुकडे वेचून नेले, आणि उरलासुरला चुरा गंगूबाई स्वतः ओच्यात भरत होती. "कुटून मातीत घालीन," ती म्हणाली. "निस्तं टाकायचं कशाला?"

समोर काही म्हणजे काही उरलं नव्हतं. होता तो दगडावर आणि मातीवर पसरलेला पाण्याचा एक मोठा ओला डाग, बायकांच्या पावलांच्या ठशांनी कडा मोडलेला. आणि तो उन्हात वाळत चालला होता.

इतक्या झपाट्याने मी आयुष्यात रंगवलं नाही. डाग कडेने आत येत होता आणि मी त्याच्या मागे धावत होतो. ब्रश पुरेना म्हणून पात्याने रंग थापला. दगडाचे चर, पायरी, सगळं जाड, उठावाचं होत गेलं. महादूबाबा खांद्याशी उभे होते. बाजूला व्हा म्हणायची माझी हिंमत नव्हती.

"त्याला कळंल न्हवं, ही आपलीच हीर हाय म्हून?"

"कळेल."

"त्यो तुटका कोपरा नीट काढ. तितंच बसला व्हता मार खाऊन."

मी कोपरा नीट काढला. डाग दगडावरून पार गेला तेव्हा माझं चित्र झालं होतं. हे चौथं 'नाही' आहे, हे मला न सांगता कळलं, आणि आनंदाने मी गंगूबाईला वाकून नमस्कार करणार होतो, पण त्याचाही काही भलता अर्थ असेल म्हणून आवरलं.

संध्याकाळी महादूबाबांची चूल पुन्हा पेटली. दिवसभराच्या उपासानंतर आमटी आणि बाजरीची भाकरी. या भागातली आमटी म्हणजे आमच्याकडचं ते गोडसर वरणाचं पाणी नव्हे. पहिल्या घासाला कानातून वाफ आली आणि दुसऱ्यासाठी हात आपोआप पुढे गेला. कोणाच्या पंक्तीला कोणी बसावं याचे आमच्या आळीतले नियम मी त्या आमटीत बुडवून खाऊन टाकले. महादूबाबांनी मिशीचा दुसरा भागही काढून टाकला होता. "त्याला सांग," ते म्हणाले, "तुज्यापायी मिशी गेली. आन् धोंडा म्या मारला ह्ये आता गावाला बी सांगितलं."

पुन्हा पुणे

उस्मानभाईंच्या खुंट्यांनी चित्र सांभाळलं. एक माशी आणि बाजरीचं थोडं भूस एवढंच काय ते वाटेत चिकटलं. घरी न जाता आम्ही सरळ बुवांच्या घराच्या वाटेला लागलो. बुवांची पत्नी, आमच्या काकू, आत स्वयंपाकात होत्या. बुवा खिडकीपाशी बसले होते, समोर तिन्ही चित्रं. मी चौथ्याची फळी सोडून ते उजेडात धरलं, त्यांच्या अगदी जवळ, नळीत मावेल असं.

"आणलंस?" ते म्हणाले. "घडा कुठे आहे?"

"तो फुट..." मी म्हणालो.

"वाढला," उमाने दुरुस्त केलं, आणि मग आम्ही दोघांनी एकमेकांच्या बोलण्यात घुसत सगळी हकिकत सांगितली. स्वतःच्या मरणाची बातमी ऐकून बुवांना ठसका लागला. महादूच्या निम्म्या मिशीपाशी तर त्यांनी गुडघ्यावर थापा मारल्या. धोंड्याचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा हात गुडघ्यावरच राहिला.

"कबूल केलं होय त्याने!" ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.

मी महिनाभर म्हणायचं ते वाक्य अगदी ओठावर आणलं होतं, हात नका लावू. पण त्यांचं बोट कॅनव्हासवर टेकलं होतं. ते दगडाच्या चरांवरून सावकाश फिरलं. "हा दोर," ते म्हणाले. मग खाली आलं, थांबलं, मागे गेलं. "आणि हा कोपरा. इथे बसलो होतो मी." मग बोट डागाच्या मधोमध आलं आणि तिथेच राहिलं.

"अजून ओलं आहे रे," ते म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांची नजर चित्रावर नव्हती. चित्राच्या वर, भिंतीवर कुठेतरी होती. किती दिवसांपासून, कोण जाणे. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. उमाने चेहरा फिरवला.

"बुवा," मी कसंबसं म्हणालो, "डोळे गेले?"

"तिकडे जाऊन एवढंही शिकला नाहीस?" त्यांनी बोटाचा रंग धोतराला पुसला आणि हसले. "गेले म्हणू नये. वाढले म्हणावं."

तेवढ्यात आतून काकूंची हाक आली, "पानं वाढलीत, चला!"

बुवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंस?" ते म्हणाले. "चल, ने मला."